माईंचा टोनी आणि आमचे रॉकी-मयूर

"ऐकलंत का माई, कोपऱ्यावरच्या होमस्टेत काल कॅमेरेवाले आले होते म्हणे!"

"म्हणे कशाला? मी बघून आले की," गडग्यापलीकडून माईंचा आवाज आला. "देवळातून येताना फाटकाशी थांबले जरा. एकच उकडीचा मोदक. त्याच्यावर तूप सोडायचं, कॅमेरा थांबवायचा, तूप टिपून घ्यायचं, पुन्हा सोडायचं. शेवटी त्या पोराने एक घास तोंडात घातला, डोळे मिटून मान हलवली, 'ऑथेंटिक' म्हणाला आणि उरलेला मोदक तसाच टाकून गाडीत जाऊन बसला. केळीच्या पानावरचा मोदक हो!"

"घासाचेच पैसे मिळत असतील त्याला."

"मिळू देत. पण टोनीने असं कधी केलं नसतं."

आलं नाव. मी अजून रातांबे फोडायलाही घेतले नव्हते आणि टोनी हजर.

आमच्या आळीत नवीन बिऱ्हाड आलं की पहिले काही दिवस त्यांची समजूत असते, टोनी म्हणजे माईंचा अमेरिकेतला कुणीतरी भाचा असावा. तसं काही नाही. टोनी म्हणजे अँथनी बोर्डेन. न्यूयॉर्कचा स्वयंपाकी, लेखक आणि जगभर हिंडून खाणारा टीव्हीवरचा माणूस. सहा फूट चार इंच उंच, पांढरे केस, हातांवर गोंदण, तोंडात शिवी. आणि माई? जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या, चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. आमच्याकडे तव्यावर बांगडा पडला की त्यांच्या स्वयंपाकघराची आमच्या बाजूची खिडकी लागलीच म्हणून समजा. अशा बाईने नाद लावून घेतला तो कुणाचा, तर भाजलेल्या डुकराच्या कुरकुरीत कातडीवर जीव टाकणाऱ्या माणसाचा!

"तुम्हाला सिसिलीतली गंमत सांगितली का मी?"

"सांगितलीत. पण सांगा." रातांबे फोडताना कुणी बोलत असलं की हात चालतो.

"समुद्रात बुडी मारून ऑक्टोपस धरायचे, मग ते रांधून खायचे, असा बेत होता. टोनी पाण्यात उतरला, तर वरून बदाबद मेलेले ऑक्टोपस पडायला लागले. आणलेले हो, अर्धवट गोठलेले! शेजारच्या होडीतून एक जण फेकतोय आणि पाण्यातला तिथला माणूस सापडल्याचं सोंग करतोय."

"म्हणजे आपल्या मोदकवाल्याचेच भाऊबंद."

"तेच तर! दुसरा कुणी असता तर तेवढा भाग कापून टाकला असता, नाहीतर हसून साजरा केला असता. याने जसंच्या तसं दाखवलं. 2013 सालची गोष्ट. वर हेही सांगितलं, की या खोटेपणाने माझं डोकं फिरलं आणि त्या दिवशी मी भरपूर दारू प्यायलो."

"दारू प्यायल्याचं सांगायची काय गरज होती?"

"वहिनी, खरं सांगायचं म्हटल्यावर निवडक कसं सांगणार?"

माई अशा. आंब्याचं साठ ताटावर पसरता पसरता बोलतात, आणि बोलताना ताटाकडे बघतही नाहीत, तरी थर कसा सगळीकडे सारखा.

त्यांना हा टोनी भेटला तो 'ट्रॅव्हल अँड लिव्हिंग' चॅनेलवर. पुढे त्याचंच टीएलसी झालं. निवृत्त झाल्यावर भूगोल कुणाला शिकवणार, म्हणून बाईंनी ते चॅनेल लावलं होतं नकाशे दाखवतील या आशेने. तिथे एकाहून एक सूर्यास्त दाखवणारी गोडबोली मंडळी होती. हा मात्र कंटाळा आला तर कंटाळलो म्हणायचा, फसलो तर फसलो म्हणायचा. बस्स, माई तिथेच अडकल्या. 2005 साली सुरू झालेला 'नो रिझर्व्हेशन्स' त्यांनी लागेल तसा पाहिला, पुनःप्रक्षेपण दुपारी दोनला असलं तर वामकुक्षी सोडून पाहिला. त्याच्या आधीचा 'अ कुक्स टूर' पुण्याच्या पुतण्याने पेन ड्राइव्हवर आणून दिला. मग 2013 पासूनचा सीएनएनचा 'पार्ट्स अननोन'. टीव्हीशेजारी शाळेतला जुना नकाशासंग्रह असतो. टोनी जिथे जेवला तिथे लाल पेन्सिलीने टिंब. लाओस, नामिबिया, सार्डिनिया, बोर्निओ. रत्नागिरीच्या पलीकडे पुण्यामुंबईखेरीज फारशा न गेलेल्या बाईंच्या नकाशाला गोवर उठल्यागत झालंय.

"मला विचाराल तर आमचे रॉकी-मयूर बरे," मी मुद्दाम म्हटलं. "आपल्या देशातले, आपल्या रस्त्यावरचे."

रॉकी सिंग आणि मयूर शर्मा. एनडीटीव्ही गुड टाइम्सवर 'हायवे ऑन माय प्लेट' लागायचं, तेव्हा आमच्या घरी दोघांनाही उठायची सोय नव्हती. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. त्यांना टीव्हीत रस्ता दिसायचा आणि मला ताट दिसायचं. ते म्हणायचे, या घाटात दुसऱ्या गिअरवर घ्यायला हवी. मी म्हणायचे, त्या पराठ्यावर लोणी बघा किती घातलंय. दोघं लहानपणापासूनचे मित्र, त्यातला रॉकी सगळं खाणार, मयूर शुद्ध शाकाहारी. डोक्याला रुमाल, अंगात हाफ पँट आणि ढाब्यावरच्या बाजेवर मांडी घालून डाळ. देशभरातल्या रस्त्यांवर खाऊन झाल्यावर त्यांचं पुस्तकही निघालं. ते मुलाने मला वाढदिवसाला दिलं. ह्यांनी ते लपवून ठेवलंय, कारण मी वाचलं की जिथे तिथे जायचं काढते.

"चांगले आहेत की तुमचे," माई म्हणाल्या. माईंनी 'चांगले आहेत की' म्हटलं की पुढे 'पण' असतो. "पण ते गुण देतात. जेवून झालं की ताटाला गुण! मी जन्मभर गुणच दिले, वहिनी. मला त्याचा वीट आलाय. वाढणारी बाई समोर उभी आहे, आणि तुम्ही तिला साडेसात देताय?"

"मग तुमचा टोनी काय करायचा?"

"गप्प बसून खायचा. आणि मग त्या बाईला विचारायचा, तुमच्याकडे लढाई कधी संपली, मुलं कुठे असतात, पाऊस कसा झाला."

हे मात्र खरं. मीही पाहिलेत त्यांच्याकडे बसून दोन-चार भाग. पहिल्यापहिल्याने खाणं जास्त असायचं, पुढे पुढे माणसंच जास्त. माई म्हणतात, ते वळण बैरुतला लागलं. 2006 च्या जुलैमध्ये हा तिथे चित्रीकरण करत होता आणि युद्ध सुरू झालं. विमानतळावर बॉम्ब पडले. सगळा चमू हॉटेलात अडकला. खिडकीतून शहर जळताना दिसतंय आणि हे पोहण्याच्या तलावाकाठी नुसते बसलेत. शेवटी अमेरिकन नौदलाच्या जहाजातून बाहेर काढलं.

"मग जेवणाचा भाग कुठे गेला?"

"कुठला जेवणाचा भाग? आठवडाभर हुम्मस खाऊन दाखवायचं म्हणून गेले होते. त्याने अडकलेली माणसंच दाखवली. त्या भागाला एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं. मात्र त्यानंतर तो म्हणायचा, की शहर जळत असताना ताटाविषयी बोलत बसणं मला जमेना."

मध्येच एक नारळ दणकन पडला, माझ्या हद्दीत. माईंच्या झाडाचा. तो गडग्यावरून परत दिला, कारण गप्पा चालू असताना हद्दीचा वाद काढायचा नसतो, तो संध्याकाळी काढायचा.

"ओबामांचं सांगा," मी म्हटलं. हे मला आवडतं.

"2016 च्या मे महिन्यातलं. अमेरिकेचा अध्यक्ष हनोईला आला होता. टोनीने त्याला नेलं कुठे, तर एका साध्या खानावळीत. बुटकी प्लॅस्टिकची स्टुलं. पुढ्यात बुन चा."

"म्हणजे काय ते?"

"तांदळाच्या शेवया."

"शिरवाळे!"

"हो, पण नारळाच्या रसात नव्हे. आंबटगोड पातळ रस्सा आणि त्यात कोळशावर भाजलेलं..." माईंनी शब्द गिळला. "ते. आणि बिअर. दोघांचं मिळून बिल सहा डॉलर. तेही टोनीने दिलं. आता त्या खानावळीने ते टेबल, त्यावरच्या थाळ्यांसकट, काचेच्या पेटीत ठेवलंय."

"आपल्याकडे स्टँडजवळच्या हॉटेलात आमदार मिसळ खाऊन गेले तर नुसता भिंतीवर फोटो लागला. टेबल पेटीत घालायचं नाही सुचलं कुणाला."

"टेबल पेटीत घातलं तर गिऱ्हाईक बसणार कुठे?" माई म्हणाल्या. हिशेब बरोबर आहे.

टोनी मुंबईला येऊन गेला, 'नो रिझर्व्हेशन्स'च्या सुरुवातीच्या वर्षांत. केरळलाही गेला. रत्नागिरी तेवढी मधल्या मध्ये राहिली, ही माईंची जुनी खंत. पण 2014 साली 'पार्ट्स अननोन'साठी तो पंजाबात आला, तो भाग माईंनी किती वेळा पाहिला असेल ते त्यांच्या टीव्हीलाच ठाऊक. कारण असं, की या गृहस्थाने 2000 साली 'किचन कॉन्फिडेन्शियल' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात हॉटेलांच्या भटारखान्यातल्या सगळ्या लांड्यालबाड्या उघड्या केल्या आणि जाता जाता शाकाहारी लोकांची यथेच्छ रेवडी उडवली. माईंनी ते वाचलं, रागावल्या, पुस्तक कपाटाच्या वर टाकलं आणि कार्यक्रम मात्र बघत राहिल्या.

"आणि मग अमृतसरला ढाब्यावर बसून काय म्हणाला? की इथे शाकाहारी जेवायचं म्हणजे शिक्षा नाही वाटत. कबूल केलंन. त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली."

"आणि पुस्तक?"

"खाली काढलं. पुसून ठेवलं."

इतकं झाल्यावर माई नेहमी जरा थांबतात. मला माहीत असतं आता काय येणार, म्हणून मीही रातांब्यांच्या बिया बाजूला काढण्यात लक्ष घालते.

2018 चा आठ जून. फ्रान्समध्ये केझर्सबर्ग नावाच्या गावात पुढच्या भागाचं काम चालू होतं. बरोबर जिवाभावाचा मित्र, एरिक रिपेअर, तोही नावाजलेला शेफ. तिथे टोनीने स्वतःचं आयुष्य संपवलं. बासष्टावा वाढदिवस महिन्याअखेरीला होता. माईंना पुतण्याने फोन करून सांगितलं. मृगाचा पाऊस धो धो, वीज गेलेली, त्यामुळे टीव्ही लावून खात्री करायचीही सोय नव्हती.

"काय कठीण असतं माहितीये का वहिनी? सांगायचं कुणाला? ना नात्यातला, ना गावातला. सोयर नाही, सुतक नाही. देवपूजा केली, स्वयंपाक केला. भाजीवाली आली तिला म्हटलं, आज काही नको. ती म्हणाली, का हो? मी काय सांगू, टीव्हीतला माणूस गेला म्हणून?"

"मला तरी कुठे सांगितलंत? मला तर चार दिवसांनी कळलं, तुम्ही नकाशासंग्रह वर ठेवून दिलात तेव्हा."

"सांगून काय केलं असतंत?"

"काय करणार? आळीत कुणी गेलं की करतो तेच. पिठलं-भात आणून दिला असता."

"आणला असतात तर खाल्ला असता," माई म्हणाल्या. मी वर पाहिलं, पण त्या साठाच्या ताटावर मलमलीचं फडकं घालत होत्या.

मग स्वतःच विषय बदलून फणकारल्या, "आणि त्या सिनेमाचं तर नावच काढू नका!"

मी काढलं नव्हतं. पण तो राग दरवर्षी येतो. 2021 साली मॉर्गन नेव्हिल नावाच्या दिग्दर्शकाने टोनीवर 'रोडरनर' हा माहितीपट काढला. त्यात काही वाक्यं टोनीच्या आवाजात ऐकू येतात, जी तो कधी बोललाच नव्हता. लिहिलेली त्याची, पण आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तयार करून घेतलेला. दिग्दर्शकाने मुलाखतीत ते स्वतःच सांगितलं आणि जगभर गदारोळ झाला. त्या गदारोळात आमची आळीही सामील होती, हे त्या दिग्दर्शकाला ठाऊक नसेल.

"लिहिलेलं त्याचंच होतं ना? मग काय बिघडलं?" मी.

"बोलला होता का तो?"

"नाही."

"मग झालं तर! मेलेले ऑक्टोपस फेकले म्हणून ज्या माणसाचं डोकं फिरलं, त्याच्याच तोंडी बाहेरून आणलेला आवाज?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. आमच्या रॉकी-मयूरचं असं काही झालेलं नाही, देवाची कृपा. रॉकी तर पुढे हिस्ट्री टीव्हीवर एकटा फिरत होता 'रोड ट्रिपिन विथ रॉकी' म्हणून, पण मयूर शेजारी नसला की मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं. आमचे हे म्हणतात, क्लीनरशिवाय गाडी.

"टोनीचा खरा मोठेपणा कशात होता सांगू?" माई पुन्हा रंगात आल्या. "नामिबियात शिकारी लोकांनी त्याला रानडुक्कर मारून दिलं. त्यातला जो मानाचा भाग..."

"नको माई. आत्ताच घावणं खाऊन आलेय."

"बरं, नाही सांगत. पण राखेतून, वाळूतून काढलेलं, न धुतलेलं. नंतर औषधं घ्यावी लागली. पण समोर गावचा मुख्य बसलाय, सगळी माणसं बघताहेत, त्यांच्याकडचं सगळ्यात चांगलं ते पाहुण्याच्या हातात ठेवलंय. नाही कसं म्हणणार? त्याचा एक नियम होता, आजीचा नियम म्हणायचा तो त्याला. आजीच्या घरी जेवायला गेलात, तिचा टर्की कोरडाठाक झाला असला तरी तुम्ही आजीच्या घरात आहात. गुमान खायचं, आणि छान झालंय म्हणायचं."

"हो का?" मी विळी बाजूला सारली. कितीतरी दिवस हे तोंडाशी येत होतं. "माई, राग मानू नका, पण एक विचारते. नामिबियातलं ते न धुतलेलं तुम्हाला चालतं. हनोईतलं चालतं. आणि माझ्या तव्यावर बांगडा पडला की तुमची खिडकी कशी हो लागते?"

"खिडकी बांगड्यासाठी नाही लावत मी."

"मग?"

"मांजरासाठी. तुमच्या बांगड्याच्या वासाने आळीतली मांजरं तुमच्या कौलावर जमतात, तुम्ही हाकललीत की माझ्या खिडकीतून आत येतात आणि दूध सांडतात. विचारा मांजरांना."

मांजरांना काय विचारणार? मी दुसऱ्या बाजूने गेले. "बरं, खिडकी राहू दे. पण इतकी वर्षं शेजार आहे आपला, आमच्या घरी तुम्ही कधी जेवलात?"

"तुम्ही कधी बोलावलंत?"

"मी? दरवर्षी हळदीकुंकवाला बोलावते की!"

"ते ओटीवर. पानावर कधी बोलावलंत?" माईंच्या आवाजात वर्गातली जरब आली. "आजीचा नियम पाहुण्यासाठी आहे, कबूल. पण आजीने आधी जेवायला हाक मारायला हवी ना?"

"मारली असती तर आला असतात का?"

"ते मारल्यावर कळलं असतं."

"अहो, पण तुमचं सोवळं, तुमचा चातुर्मास, मला वाटलं..."

"तुमच्या त्या रॉकी-मयूरचं काय? एकाच टेबलावर बसतात ना दोघं? एकाच्या ताटात कोंबडी, दुसऱ्याच्या ताटात डाळ. कुणी मध्ये गडगा घालतं का?"

माझेच दोघे माझ्यावर उलटवले बाईंनी. म्हणजे मी रॉकी-मयूरची तारीफ करत होते तेव्हा यांचं कान देऊन ऐकणं चालू होतं तर!

"ठरलं मग," मी म्हटलं. "बुधवारी या. एक जूनला मासेमारी बंद होईल, त्याच्या आत. सुरमई आणणारच आहे."

"मासा मी खायची नाही. आत्ताच सांगते."

"खाऊ नका. तुम्हाला आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी. पण मी तुमच्या समोर बसून सुरमई खाणार."

"खा की. टोनीला बघितलंय मी याहून भयंकर खाताना." मग जरा थांबून, आवाज उतरवून, "आंबोळीचा तवा वेगळा ना?"

"तवा एकच आहे आमच्याकडे. बिडाचा. सासूबाईंचा."

गडग्यापलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. नामिबियाचा नकाशा डोळ्यांपुढून जात असावा.

"घासता ना हो नीट?"

"माई!"

"बरं बरं, येते. पण माझ्याही अटी आहेत. कसं झालंय म्हणून गुण विचारायचे नाहीत. आणि यजमानांना सांगा, जेवताना तुमचं ते 'हायवे' लावून ठेवा. तुमच्या मयूरला ढाब्यावर काय काय वाढतात ते मलाही बघू दे एकदा."

"लावते. पण तुमचा नकाशासंग्रह घरीच ठेवून या हं. हे आणि तुम्ही एकदा रस्त्यांवर बोलायला लागलात, की माझ्या आंबोळ्या गार होतील आणि सोलकढी गरम!"